सुर्वे सरांची केडी

आमच्या वाईच्या शाळेत नवा माणूस रुजू झाला, की कोणी त्याचं गाव विचारायचं, कोणी आडनावावरून नाती शोधायचं. सुर्वे सर मात्र डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचे आणि मला हळूच विचारायचे, "मॅडम, काय अंदाज? केडी किती असंल?"

सुर्वे सर खेळाचे शिक्षक. पंचेचाळिशी ओलांडलेले, कोरेगावकडचे, गळ्यात शिट्टी, डाव्या गुडघ्याला कायमचा पट्टा. मी मराठी शिकवते. आमची टेबलं शेजारी शेजारी होती, त्यामुळे माझी इच्छा असो नसो, केडी या विषयात माझं बरंच शिक्षण झालं. मोबाइलवर बंदुकांचा एक ऑनलाइन खेळ असतो. कुठून कुठून आलेली माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. हा खेळ सर रोज शाळा सुटली की खेळत. त्यांचं तिथलं नाव 'वाईचा वाघ'.

"के म्हणजे किल, डी म्हणजे डेथ," त्यांनी मला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. "किती मारलं, त्याला किती येळा मेलो त्यानं भागायचं. धा मारलं अन् पाच येळा मेलो, तर केडी दोन. कळलं?"

"माणूस पाच वेळा मरतो?"

"गेममधी मरतो. फुडच्या डावाला परत जित्ता."

सरांच्या मते केडी चारच्या वर असली की तो माणूस, दोन-तीनच्या आसपास असली की ठीक, आणि एकच्या खाली असली की तो दुसऱ्याची केडी वाढवायला जन्माला आलेला. हे माप त्यांनी मोबाइलपुरतं ठेवलं नव्हतं. मुख्याध्यापकांची केडी म्हणजे त्यांनी वर पाठवलेले प्रस्ताव भागिले दुरुस्तीसाठी परत आलेले. साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरची केडी म्हणजे गाडीत घेतलेले प्रवासी भागिले हात करूनही मागे सोडलेले. चहा आणणाऱ्या मावशींचीही केडी होती आणि ती पावसाळ्यात घसरायची. माझीही त्यांनी काढली. रागावलेली मुलं वर, न ऐकणारी खाली.

"पॉइंट दोन," ते गंभीरपणे म्हणाले. "वाईट वाटून घिऊ नका मॅडम. नवीन सीझनला आकडा परत कोरा व्हतो."

मला वाईट वाटलंच. पुढचे दोन दिवस मी आठवी 'ब'वर विनाकारण खेकसले. त्यानं आकडा काही हलला नाही. पण सरांना हसताना मला थोडं सांभाळून हसावं लागे, कारण आम्ही शिक्षक मंडळी वर्षभर दुसरं काय करतो? जितंजागतं पोर घ्यायचं आणि त्याची टक्केवारी काढायची. सरांनी फक्त आमचाच धंदा शाळेच्या फाटकाबाहेर नेला होता.

एका वर्षी त्यांनी शाळेचा कबड्डीचा संघच केडीवर निवडला. सरावात कोणी किती गडी बाद केले आणि स्वतः किती वेळा बाद झाला, एवढंच पाहिलं. सर्वांत वरचे सात घेतले. ते सातही चढाई करणारे निघाले. सामन्यात समोरचा गडी चढाईला आला की आमचे सातही जण आपली केडी सांभाळत मागच्या रेषेला जाऊन उभे राहत. पकड करायला पुढे कोण जाणार? पकड फसली की आपणच बाद. मध्यंतरापर्यंत निकाल लागला होता. परतताना टेम्पोत सर मुलांना म्हणाले, "आकडा बराबर हुता. तुमी चुकलासा."

त्यांची स्वतःची खेळायची रीतही तीच होती. बेटावर उतरलं की सर पहिल्यांदा एखादं छप्पर गाठायचे आणि पालथे पडायचे. खाली दोन टोळ्या एकमेकींशी भांडून अर्धमेल्या झाल्या, की हे वरून उरलेल्यांना टिपायचे. त्याला ते डोकं वापरणं म्हणत. या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, गुडघ्यावर येतो आणि रांगू लागतो. तेवढ्यात आपल्यातल्या कोणी जवळ जाऊन त्याला धरलं तर तो पुन्हा उभा राहतो. याला मुलं 'उठवणं' म्हणतात. सर कोणाला कधीच उठवत नसत. "उठवाय गेलं की पाठ उघडी पडती," असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

मी त्यांची थट्टा करत असे, पण त्या आकड्यामागे काय आहे ते एकदा त्यांनीच सांगितलं. विसाव्या वर्षी त्यांची जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवड जवळजवळ ठरली होती. शेवटच्या सरावात गुडघा गेला. यादी लागली तेव्हा ते दवाखान्यात होते आणि यादीत दुसरंच नाव होतं. "त्येच्यानंतर मॅडम, कुठल्याच टीममधी माझं नाव न्हाई. पोरांच्या यादीखाली सही तेवढी माझी." हे सांगताना ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. तेव्हापासून मी केडीबद्दल ऐकून घ्यायला लागले.

आणि मग सरांना बोलावणं आलं. साताऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या ओंकार नावाच्या मुलानं पुण्याच्या स्पर्धेसाठी चौघांचा संघ बांधायला घेतला होता. तिघं ठरले होते. चौथ्यासाठी त्यानं वाईच्या वाघाला निरोप धाडला. हा वाघ सत्तेचाळीस वर्षांचा आहे हे कळल्यावर तो क्षणभर गडबडला, पण पोरगा सरळ होता. म्हणाला, "सर, वय आपल्याला न्हाई बघायचं. सीझन संपताना केडी चारच्या वर पायजे, बास." सरांची तेव्हा साडेचार होती. त्या आठवड्यात त्यांनी स्टाफरूममध्ये दोनदा पेढे वाटले, आणि दोन्ही वेळा कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आता सुरेखाबाईंबद्दल सांगायला हवं. सरांच्या मिसेस जत तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर शिक्षिका होत्या. माहेर तिकडचंच. नोकरी लागली तीही तिकडेच, आणि बदलीचा अर्ज वर्षानुवर्षं कुठेतरी पडून होता. नवरा वाईत, बायको जतला, मुलगी पुण्याच्या वसतिगृहात. सणावाराला सगळे एकत्र येत. एरवी संध्याकाळी फोन. पण संध्याकाळी सर छपरावर पालथे. बाईंचा फोन आला की ते "डाव चाललाय, मागनं करतो" म्हणत आणि मागून विसरत.

बाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी सुट्टीला आलेल्या मुलीकडून आपल्या फोनवर तो खेळ घालून घेतला आणि एका संध्याकाळी थेट बेटावर उतरल्या. नाव मागितलं तेव्हा त्यांनी रीतसर लिहिलं होतं 'सौ. सुरेखा'. चौघांच्या टोळीत 'डेव्हिल', 'किलर' अशी नावं, त्यात एक 'सौ. सुरेखा'. आणि सरांच्या कानात आवाज आला, "आवं, जेवलासा का?"

त्यांना बंदूक चालवण्यात काडीचा रस नव्हता. त्या चालत राहायच्या आणि बोलत राहायच्या, आणि बोलणं कमी पडलं की खेळातल्या सगळ्यांना दिसणारे मेसेजही लिहायच्या. शाळेतली गळती, मेंढरं घेऊन गेलेल्या पालकांची मुलं, गिरणीत गव्हाच्या पिठात मिसळलेलं हरभऱ्याचं पीठ, सगळं त्या बेटावर फिरता फिरता सांगायच्या. मध्येच कुठून तरी गोळी यायची. "अय्यो! पडलो वो मी. उठवा की." सुरेखाबाईंची केडी शून्य पूर्णांक शून्य काहीतरी होती. सरांनी तो आकडा मला सांगताना आवाज खाली आणला होता, घरातलं दुखणं सांगतात तसा.

आणि बाईंच्या संगतीनं सरांचाही आकडा उतरायला लागला. त्या मोठ्यानं बोलत चालल्या की शत्रू गोळा व्हायचे. साडेचारचे सव्वाचार झाले. सर बाईंना सांगून बघत, "जरा गप ऱ्हा, आडवी पड." बाई म्हणत, "आडवीच पडायचं आसतं तर घरात पडलो नसतो व्हय?"

एक दिवस जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी सर सकाळी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"मॅडम, तुमी इचार करून सांगा. माझं काय चुकलं?"

बाई रस्त्यात गोळी लागून पडल्या होत्या. सर पलीकडच्या छपरावर होते. बाईंनी चार-पाच हाका मारल्या. सर म्हणाले, "थांब, आलो," आणि गेले नाहीत. बाई रांगत रांगत रस्त्याच्या कडेला येऊन मेल्या. सरांनी तो डाव जिंकला. जिंकल्यावर त्यांनी आनंदानं फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "मी हाका मारत हुतो. तुमी छपरावर हुतासा. मला दिसत हुतासा तुमी."

"खेळ हाय गं त्यो," सर म्हणाले.

"खेळ हाय म्हनूनच म्हणतो. खेळात बी येत न्हाईसा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी सरांना विचारलं, "किती लांब होत्या त्या?"

"रस्ता वलांडला की हुती. पण मागं दोगं दडल्यालं. गेलो आसतो तर मेलो आसतो."

"मेला असतात तर काय झालं असतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीतल्या मुलासारखं काहीतरी विचारलं आहे. "केडी पडली आसती की मॅडम."

मी वहीत डोकं घातलं. मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. दोन दिवस मी त्यांना डब्यातलं लोणचं दिलं नाही.

त्यानंतर बाई खेळात आल्या नाहीत. फोन उचलत, पण "बरं हाय, ठेवतो" एवढंच बोलत. सरांना निवांत खेळता यायला लागलं, आकडा सावरायला हवा होता. झालं उलटंच. छपरावर पालथे पडून त्यांचं लक्ष लागेना. खाली बायकोच्या बडबडीशिवाय बेट फार शांत वाटतं, असं ते एकदा बोलून गेले आणि मग शिट्टी वाजवत मैदानावर पळाले. आकडा घसरत घसरत चारच्या जेमतेम वर येऊन थांबला. तेव्हा सरांनी आकडा राखणारे सगळेच शेवटी करतात ते केलं. खेळायचंच बंद केलं. सीझन संपायला आठवडा होता. न खेळणारा मरत नाही.

शेवटचा दिवस रविवार होता. संध्याकाळी सहाला ओंकार आकडा बघून चौथं नाव पुण्याला कळवणार होता. मी सहामाहीचे पेपर तपासायला शाळेत आले होते. जेवणाच्या सुमाराला सर आले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमच्या ड्रॉवरमधी ठिवा. सहापातूर मी मागितला तरी दिऊ नगा. घरी बसलो तर हात शिवशिवत्यात."

मी ड्रॉवर लावून घेतला. सर खिडकीशी बसून व्हॉलीबॉलची जुनी जाळी विणू लागले. मी पेपरांचा एक गठ्ठा संपवला. मग ड्रॉवरमध्ये काहीतरी थरथरलं. मी उघडून पाहिलं. पडद्यावर अक्षरं होती, सौ. सुरेखा तुम्हाला खेळायला बोलावत आहेत.

ड्रॉवर पुन्हा लावता आला असता. मला तसं सांगितलंही होतं. पण मी म्हणाले, "सर, बाईंचं बोलावणं आलंय."

सर उठून आले. असं बोलावणं थोडाच वेळ पडद्यावर राहतं, मग आपोआप जातं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मोबाइल घेतला आणि 'हो'वर बोट ठेवलं.

"आवं," पलीकडून आवाज आला, "म्हनलं रैवार हाय. रिकामं असाल."

"रिकामाच हाय की," सर म्हणाले. त्यांनी ओंकारचं, सहा वाजण्याचं, चारच्या आकड्याचं काही म्हणजे काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "आज आपून दोगं एका घरात बसून ऱ्हाऊ. भाईर जायाचं न्हाई."

बेत उत्तम होता. दोघं एका घरात शिरले, दार लावलं, आणि बाईंनी गेल्या पंधरा दिवसांचं साचलेलं बोलायला सुरुवात केली. मी पेपर बाजूला ठेवून सरांच्या खुर्चीमागे उभी होते. बेटाभोवतीचं निळं वर्तुळ आवळत येत होतं. त्याच्या बाहेर राहिलं की जीव हळूहळू कमी होतो, म्हणून सगळ्यांना आत पळावं लागतं. सर म्हणाले, "चल आता, माळ वलांडू." दोघं माळावर आले. अर्ध्या वाटेवर बाई थांबल्या.

"टँकर आला! भांडी रिकामीच हाईत. आलो हं."

आणि त्या गेल्या. फोन कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून बायकांचा गलका आणि कळशांचा खणखणाट. इकडे उघड्या माळावर सौ. सुरेखा शेतातल्या बुजगावण्यासारख्या उभ्या. पाठीमागून निळी भिंत चालून येत होती.

"सुरेखा," सरांनी हाक मारली. "आगं ए सुरेखा!"

टँकरवर कोण कोणाचं ऐकतं? सरांसमोर पळायला मोकळी वाट होती. आत जाऊन कुठल्याही झाडामागे पडले असते तर आकडा राहिला असता. त्यांनी एक जीप शोधली, ती आणून बाईंच्या पुढ्यात आडवी लावली आणि स्वतः बाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्या माणसाला मी उभं राहून खेळताना तेव्हाच पाहिलं. पहिली गोळी आली, बाई गुडघ्यावर आल्या. सरांनी बंदूक टाकली आणि त्यांना उठवलं. पुन्हा आली, पुन्हा उठवलं. मधल्या वेळात दोघांना टिपलं. कपाळावर घाम, ओठ पुटपुटतायत, "उठ, उठ, उठ." मीसुद्धा मोठ्यानं "उठा बाई" म्हणाले, आणि मला त्याची अजून लाज वाटत नाही.

निळी भिंत दोघांवरून पलीकडे गेली तेव्हा सर त्यांना उठवतच होते. मग पडदा करडा झाला. वाईचा वाघ आणि सौ. सुरेखा एकाच जागी मेले. आकडा चारच्या खाली, तीन पूर्णांक काहीतरीवर आला. पुढचे दशांश मी पाहिले नाहीत, सरांनीही पाहिले नाहीत.

थोड्या वेळानं आवाज आला. "आलो बगा. सा कळशा मिळाल्या." मग, "आवं, आपून दोगं बी मेलो व्हय?"

"व्हय."

"तुमी बी? तुमी कसं काय मेलासा?"

"असाच," सर म्हणाले. "चल, परत जाऊया का?"

सहापर्यंत ते दोघं पुष्कळ वेळा मेले. सहाला ओंकारचा फोन आला. तो मघाचा डाव त्याच्या फोनवरून बघत होता. सरांनी फोन टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. पोरगा हळहळत होता.

"सर, काय केलंसा हे? एवढं दोन तास गप बसला आसता. त्या बाबापायी गेलासा तुमी."

"कुठल्या बाबापायी?"

"त्यो न्हाई का, सौ. सुरेखा नाव घिऊन खेळतोय. त्येच्या मेसेजमधी कायम 'मी पडलो, मी मेलो, मी आलो'. आमी कवाच वळखलंय, बाप्याच हाय त्यो."

"ती माझी बायकू हाय."

पोरगा चाचरत म्हणाला, "मग त्या 'पडलो' का म्हनत्यात?"

"जतंची हाय," सर म्हणाले. "तिकडं बायका बी असंच बोलत्यात."

ओंकारनं माफी मागितली, पण नियम मोडला नाही, आणि तेही त्याचं बरोबरच होतं. चौथा म्हणून दुसरा मुलगा घेतला. पुण्यात त्यांचा संघ बऱ्यापैकी खेळला, असं नंतर कळलं. सरांनी त्या सोमवारी पुन्हा पेढे वाटले. मी विचारलं, "आता कशाचे?" तर म्हणाले, "घ्या की मॅडम, ताजं हाईत."

माणूस एका दिवसात बदलत नाही. नव्या मुख्याध्यापकांची केडी त्यांनी रुजू झाल्याच्या दिवशीच काढली. पण पुढच्या वर्षीच्या कबड्डी संघात पकड करणारे तिघं होते, आणि ते कोणत्या हिशेबानं घेतले हे सरांनी कोणाला सांगितलं नाही.

बाईंची बदली शेवटी झाली. सातारा जिल्हा मिळाला, पण गाव मिळालं कोयनानगरच्या वर, घाटातलं. तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणजे अंतर निम्म्यावर आलं आणि बेट कायमचं बंद झालं. मग सर दर शनिवारी दुपारी पिशवी घेऊन निघायला लागले. पुढे त्यांनीही शाळा बदलून घेतली, कऱ्हाडकडे गेले आणि आमची टेबलं वेगळी झाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साताऱ्याच्या स्टँडवर. मी वाईच्या गाडीत बसले होते. समोर कोयनानगरची गाडी लागलेली, तुडुंब भरलेली, सुट्टीचा दिवस. सरांनी खिडकीतून आधीच रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या आणि खिडकीच्या जागेवर राजासारखे बसले होते. शेजारच्या जागेवर पिशवी. लोक ती जागा मागत होते, सर मान हलवत होते. बाई कुठे दिसत नव्हत्या. कंडक्टर आत आला, त्यानं घंटी ओढली, गाडी हलली. सर उठून काहीतरी ओरडले. कंडक्टरनं हात उडवले.

मग मी पाहिलं, सर त्या गर्दीतून पिशवी डोक्यावर धरून, लोकांच्या पायांवर पाय देत दाराकडे येत होते. चालती गाडी थांबवून उतरले. दुखरा गुडघा चोळत उभे राहिले. त्यांची जागा तोवर दोघांनी घेतलीसुद्धा. गाडी निघून गेली, आणि पलीकडून सुरेखाबाई दोन हातांत दोन भेळेचे पुडे घेऊन पळत आल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण खूप बोलल्या. हात गाडीकडे करून, मग सरांकडे करून बोलल्या. सर ऐकत होते.

आमची गाडी सुटली तेव्हा दोघं एका बाकावर बसले होते. पुढच्या गाडीला बराच अवकाश होता. बाई अजून रागावतच होत्या आणि सर भेळ खात होते.